दाणा लावू नको

आई,

तुझ्या पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या होत्या आणि तू चुलीपुढे बसून त्यांत हळद आणि खोबरेल भरत होतीस. पोलादपूरच्या त्या खोलीतलं मला सगळ्यात आधी हेच आठवतं. तू नगरकडची. तुझ्या गावी पावसाळ्यातही पायाला धूळ लागायची. इथे चार महिने काहीच वाळत नसे. लुगडी वाळत नसत, सरपण वाळत नसे, जखमांच्या पट्ट्या वाळत नसत. "या मुलखात माणूससुद्धा वाळत नाही गं, नुसतं कुजतं," तू म्हणालीस आणि स्वतःशीच हसलीस, कारण सकाळच्या प्रार्थनेत तू याच मुलखाबद्दल देवाचे आभार मानले होतेस. मग तू पायांना फडकं गुंडाळलंस आणि वरच्या वाडीला निघालीस. तिथे एक बाई अडली होती.

बाबा गेले तेव्हा मिशनला कोकणच्या डोंगरात पाठवायला नर्स हवी होती. कुणी तयार नव्हतं. तू तयार झालीस. का, ते तू मला कधी सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. आज विचारावंसं वाटतं. दुःखात माणूस माहेरी जातो, तू उलट्या दिशेला निघालीस. घाट उतरलीस, जिथे ज्वारी पिकत नाही आणि तुझी बोली ऐकून बायका तोंडाला पदर लावतात, अशा ठिकाणी आलीस. दवाखाना म्हणजे आपल्या खोलीची पुढची बाजू. एक बाक, एक कपाट, एक स्टोव्ह. लोक तुला 'बाय' म्हणायचे. औषध घ्यायला येताना घरून पाण्याचा तांब्या आणायचे, कारण तुझ्या घागरीतलं पाणी त्यांना चालत नव्हतं. तू भुकटी कागदावर ठेवायचीस आणि मागे सरायचीस. ते कागद उचलायचे. ख्रिस्ती होण्याआधी आपण कोण होतो, हे कुणी विचारत नसे. विचारायची गरजच नव्हती.

पण बाळंतपणाची गोष्ट वेगळी होती. बाळंतिणीला विटाळ असतो. तिला जो शिवेल तोही विटाळतो. मग तिथे तू शिवलीस म्हणून आणखी काय बिघडणार? त्यामुळे एरवी ज्या घरांच्या अंगणातच तू उभी राहायचीस, त्या घरांच्या आतल्या खोलीपर्यंत तू त्या दहा दिवसांत जायचीस. बाळंतिणीचं डोकं मांडीवर घ्यायचीस, तिचे कपडे उकळायचीस, मुलाला न्हाऊ घालायचीस. अकराव्या दिवशी घर सारवलं जाई, गोमूत्र शिंपडलं जाई आणि दार पुन्हा बंद होई. आपण त्याच घरावरून जायचो तेव्हा ती बाई ओसरीवरून मूल वर धरून दाखवायची, आणि तू रस्त्यावरूनच बघून म्हणायचीस, "वा, बाळसं धरलंय." मला राग यायचा. तुला येत नसे. "त्यांनी दहा दिवस दिलेत ना," तू म्हणायचीस. "बाळंतीण दगावते ती त्या दहा दिवसांतच."

एका वर्षी श्रावणात तुला बोलावणं उशिरा आलं. नाल्याला पाणी होतं. तू पोचलीस तेव्हा बाई गेली होती आणि पोर जिवंत होती. दुसऱ्या दिवशी तिची आजी, मुलीच्या बापाची आई, डोक्यावर पावसाचं इरलं आणि पोटाशी टोपली घेऊन आपल्या दारात उभी राहिली. बाप मुंबईला गोदीत होता. टोपलीत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं मूल होतं, मुठीएवढ्या तोंडाचं.

"बाय, घे हिला," आजी म्हणाली.

"गावात दोघी पाजणाऱ्या आहेत की," तू म्हणालीस.

"हायत. पन कोन पाजनार? म्हनतात, मेलेली मागं येल. पोर शोधत येल नि जी पाजल तिच्या छातीला लागंल." आजीचा आवाज सपाट होता. रडून झालेलं असावं. "तू तुज्या देवाची. तुला ती काय करनार नाय."

तू टोपली घेतलीस. आजी दारातून हलली नाही. तिने बोट वर केलं.

"दूध पाज. बकरीचं पाज, गायीचं पाज. पन दाणा लावू नको. ऐकलंस काय गो? तोंडाला दाणा लागत नाय तवर पोर कुनाचीच नसते, देवाची असते. दाणा लागला का जातीत आली. तुज्या घरचा दाणा खाल्लेली पोर मी कुटं नेऊ? मला भावकी हाय. शिमग्याला मुंबईची मानसं येतील. हिचा मामा येल, मांडीवर घेऊन उष्टावंल, नि मी पोर घेऊन जाईन."

"नाही लावणार," तू म्हणालीस.

तू बकरी विकत घेतलीस. दूध उकळायचं, निववायचं, बोंडल्याने थेंब थेंब सोडायचं. दोनदा ती गेली असं वाटलं. थंडीत तू तिला पोटाशी बांधून रोगी तपासायचीस आणि बायका म्हणायच्या, "बायला या वयात पोर झालं बगा!" तूही म्हणायचीस, "झालं खरं. पोट न दुखता झालं." मी एकटी वाढलेली. माझी शाळा सुटली की मी पळत यायचे. तिचं नाव तू ठेवलं नाहीस. "नाव त्यांचं त्यांनी ठेवायचं," म्हणालीस. मी मनात एक ठेवलं होतं. ते इथेही लिहीत नाही.

महाडला महिन्यातून एकदा पाळकसाहेब येत आणि एका खोलीत उपासना होई. आपण खटाऱ्यातून जायचो. डिसेंबरात साहेबांनी मुलीला उचलून घेतलं आणि म्हणाले, "नाताळात बाप्तिस्मा करून टाकू. इतक्या वर्षांत या डोंगरातून आपल्याला एकही जीव मिळालेला नाही, बाई." ते वाईट माणूस नव्हते. दमलेले होते. वरच्या साहेबांना त्यांनाही काही सांगायचं असे. तू मुलीला त्यांच्या हातून परत घेतलंस. "साहेब, ही ठेवायला दिलेली आहे," तू म्हणालीस. "दिलेली नाही." परतीच्या वाटेवर सावित्री नदीच्या काठाने खटारा चालला होता आणि तू मुलीच्या टाळूवर हात धरून बसली होतीस, जणू ऊन लागेल. ऊन नव्हतंच.

त्याच थंडीतली एक गोष्ट. ताप बघायची काचेची नळी माझ्या हातून पडून तडकली आणि मी ती तशीच डबीत ठेवून दिली. तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हणाले. तू मला मारलं नाहीस. समोर बसवलंस. "या नळीने उद्या मी कुणाचा तरी ताप बघितला असता," तू म्हणालीस. "ती खोटं सांगणार, मी ते खरं मानणार आणि मरणार तिसराच. खोटं बोलणाऱ्याला काही होत नाही. म्हणून ते बोलायचं नाही." शास्त्रातलं वचन वगैरे तू सांगितलं नाहीस. ते मला पाठ होतंच. तुझं हे वाक्य मात्र मी पुढे तीस वर्षं वर्गातल्या मुलींना सांगत आले, तुझं म्हणून न सांगता.

शिमग्याला मुंबईहून कुणी आलं नाही. गोदीत सुटी मिळाली नाही, गणपतीला येऊ, असा निरोप आला. गणपतीला म्हणजे पुढचा अर्धा पावसाळा सरल्यावर. वैशाखात बकरीचं दूध आटलं. दुसरी आणली, तीही जेमतेम. मुलीला वरखाली दात आले होते. ती आपल्या ताटाकडे बघायची. आपण जेवायला बसलो की आपला हात ताटातून तोंडाकडे जाईल तसतशी तिची मान फिरायची. मग तिने मान फिरवणंही सोडलं. तिचे हातपाय काटक्या झाले, पोट तेवढं पुढे आलं आणि ती रडेनाशी झाली. मला वाटलं, शहाणी झाली. तू तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितलीस. आत पांढरं होतं. तू पापणी सोडलीस आणि बराच वेळ तिचा पाय हातात धरून बसलीस.

दुसऱ्या दिवशी आपण वाडीवर गेलो. तू अंगणात मुलीला जमिनीवर ठेवलंस आणि आजीला म्हणालीस, "दूध हिला पुरत नाही. आज, इथे, तुमच्या हाताने भात भरवा. मी मागे उभी राहते."

आजीने मुलीकडे पाहिलं. तिला कळलं होतं. ती म्हातारी मूर्ख नव्हती. "मी भरवला तर भावकी म्हनंल, म्हातारीनं ख्रिस्तावाच्या घरचं पाप चोरून झाकलं. मामाच पायजे. चारचौघांत पायजे. नायतर हिचं पुढं लगीन कोन करनार?" मग ती तुझ्याजवळ, फार जवळ नाही, येऊन हळूच म्हणाली, "गनपतीपर्यंत जगव गो बाय. कशीबी जगव."

उतरताना तू ओढ्याच्या दगडावर बसलीस. मला वाटलं पाय दुखतात. तू म्हणालीस, "कशीही, असं म्हणाली ना ती?" मी हो म्हणाले. तू उठलीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू मला दार लावायला सांगितलंस. दिवसा आपलं दार कधी लागत नसे. तू तांदळाची पेज केलीस, पातळ, गाळून, चिमूटभर मीठ घालून. मुलीला मांडीवर घेतलंस. जेवणाआधीची प्रार्थना म्हणायला मी हात जोडले, पण तू सुरुवात केली नाहीस. बोट पेजेत बुडवून तिच्या जिभेवर ठेवलंस. ती क्षणभर थांबली. मग तिने तुझं बोट दोन्ही हातांनी धरलं आणि सोडेना. तू रडत होतीस का ते मला दिसलं नाही. माझं लक्ष तिच्याकडे होतं. पहिल्या दिवशी एक पळी. मग दोन. मग मऊ भात, मग त्यात वरणाचं पाणी. रोज दार लावून. महिन्याभरात ती रांगायला लागली. पावसाळ्याच्या मध्यावर ती तुला 'आ' म्हणाली. मी ऐकलं. तू ऐकलं नाहीस असं दाखवलंस.

गणपतीला बोलावणं आलं.

आपण वर पोचतो तेव्हा ओसरीवर माणसं भरलेली आहेत. मुंबईची माणसं कपड्यांवरून ओळखू येतात. मुलीचा बाप खांबाला टेकून उभा आहे, केसांना तेल, पायांत वहाणा. तो मुलीकडे बघतो आणि नजर काढून घेतो. मामा पाटावर बसला आहे, त्याच्यापुढे वाटीत खीर आहे. आजी दारात. तू अंगणात, मी तुझ्या मागे. मुलगी तुझ्या कडेवर. नवं झबलं तू स्वतः शिवलेलं आहे, आणि ते तिला घट्ट होतंय.

भावकीतला सगळ्यात थोरला म्हातारा पुढे येतो. तो डोळे बारीक करून मुलीकडे बघतो.

"काय गो बाय, दूधच पाजलंस ना?"

"दूधच."

"हिचे गाल बग रे," तो मागे वळून म्हणतो. "दुधाचे गाल असे नसतात. बाय, तुजी बकरी काय भात खाते?"

माणसं हसतात. बाप म्हणतो, "जाऊ द्या ना काका, फुकट लफडा कशाला? पोर जिती हाय, बस झालं."

"तू गप रं. मुंबईत चालतं समदं. हितं आमाला ऱ्हायचं हाय." म्हातारा पुन्हा तुझ्याकडे वळतो. आता तो हसत नाही. "तू देवाची बाई. खोटं बोलत नाय म्हनतात. पोथी असते ना तुज्या पिशवीत? काढ. तिच्यावर हात ठेव नि सांग, हिच्या तोंडाला दाणा लागला नाय."

पिशवीत पट्ट्यांच्या गुंडाळीखाली तुझं छोटं पुस्तक आहे, कव्हराला तेलाचा डाग पडलेलं. तू मुलीला एका हातावर तोलतेस, दुसऱ्या हाताने पुस्तक काढतेस. ते मला धरायला देतेस. त्यावर हात ठेवतेस. तुझा हात थंड आणि कोरडा आहे. त्या मुलखात तुझं काहीच कोरडं नसायचं.

"नाही लागला," तू म्हणतेस. "दूधच."

मुलीला तू ओसरीच्या काठावर ठेवतेस. आजी तिला उचलते, तिच्यावर पाणी शिंपडते, मामाच्या मांडीवर देते. मामा बोटातली अंगठी खिरीत बुडवतो आणि तिच्या ओठांना लावतो. पहिला दाणा तोंडात गेला की मूल तोंड वाकडं करतं, थुंकतं, घाबरतं. तू शंभर घरांच्या अंगणातून ते बघितलं होतंस. आपली मुलगी घाबरत नाही. ती तोंड मोठं उघडते, मामाचं मनगट धरते, अंगठी चाटून झाल्यावर वाटीकडे वळते आणि हात घालते.

म्हातारा काही बोलणार असतो. त्याच्याआधी आजी म्हणते, मोठ्याने, "बापावर गेली! त्योबी असाच, पाळन्यातून परातीकडं धावायचा." आणि एकदम हसू फुटतं, बापसुद्धा हसतो. म्हातारा तुझ्याकडे बघत राहतो आणि मग तोही वाटीकडे वळतो. आजी तुझ्याकडे बघत नाही.

खीर संपल्यावर मुलीला तू आठवलीस. तिने अंगणाकडे पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले. 'आ' म्हणाली. तू एक पाऊल टाकलंस. आजी मध्ये आली. "आता नको गो, बाय," ती म्हणाली. अगदी हळू, विनवल्यासारखं. तू थांबलीस. हात पदराखाली घेतलेस. मुलीचे हात तसेच पुढे होते, ती तुझ्याकडे रागाने बघत होती, इतका वेळ का लागतोय म्हणून. मग तिला आत नेलं. आतून तिचं रडणं येत होतं, ते आपण खालच्या वळणापर्यंत ऐकलं. निघताना आजीने तुझ्या पिशवीत सुपातून तांदूळ ओतले, वरून, हात न लागता. वाटेवर मी रडायला लागले तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "पाय जपून टाक. शेवाळ आहे." संध्याकाळी तू तेच तांदूळ शिजवलेस. ताटावर बसल्यावर मला म्हणालीस, "प्रार्थना आज तू म्हण." त्यानंतर आपल्या घरात जेवणाची प्रार्थना मीच म्हणत आले.

महाडच्या उपासनेत प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला फिरत तुझ्यापाशी येई तेव्हा तू ते न घेता पुढे देऊ लागलीस. पाळकसाहेबांनी विचारलं. तू म्हणालीस, "माझी तयारी नाही, साहेब." दर महिन्याला हेच. नंतर त्यांनी विचारणं सोडलं. लोक म्हणू लागले की बाईंचं मन उडालं. मन उडालेली बाई भर पावसात डोंगर चढते का, हे कुणी विचारलं नाही. तू पश्चात्ताप केला असतास तर तुला क्षमा होती आणि ती भाकरही; हेच तर तू दुसऱ्या बायकांना रोज सांगायचीस. मला वाटतं, तुला पश्चात्ताप होत नव्हता आणि झाल्याचं खोटं सांगायचं नव्हतं. म्हणून तू क्षमेवाचून राहिलीस. माझ्या लग्नात राहिलीस, आजारात राहिलीस, शेवटच्या तापात राहिलीस. त्या तापातही साहेब भाकर घेऊन आले होते. तू मान हलवलीस, आणि त्यांना बसायला पाट द्यायला मला सांगितलंस.

ती मुलगी त्या घरात वाढली. आपण वाडीवरून जायचो तेव्हा कधी दिसायची, शेण गोळा करताना, पाण्याला जाताना. घट्ट अंगाची झाली होती. तुला बघून वाट सोडून उभी राहायची, तिला तसं शिकवलं होतं. एकदा तिने विचारलं, "बाय, गोळी हाय काय?" तू साखरेची गोळी दगडावर ठेवलीस आणि मागे सरलीस. तिने ती उचलली. दुसऱ्या खोऱ्यात तिचं लग्न झालं, भावकीच्या डोळ्यांदेखत, रीतसर. वरात रस्त्याने गेली तेव्हा तू दवाखान्याच्या दारात उभी होतीस. पुढच्याच वर्षी तू गेलीस. ती आज असेल तर तिला नातवंडं असतील. तुझ्याबद्दल तिला काही ठाऊक असण्याचं कारण नाही.

आई, हे कागद मी कुणाला दाखवणार नाही आणि मंडळीत वाचायला तर नाहीच. तुझं जे झाकलेलं आहे ते उघडून तुला मोठं करायचं नाही. मला फक्त एक तुझ्याजवळ सांगायचं राहिलं होतं. त्या अंगणात मी पुस्तक धरून उभी होते आणि तू त्यावर हात ठेवलास, तेव्हा मी डोळे मिटून मनापासून प्रार्थना करत होते, की देवा, माझ्या आईला खरं बोलायची बुद्धी दे. तू खरं बोलली असतीस तर ती आपल्याबरोबर घरी आली असती.